आक्कांच्या लिलीची वाटणी

फुलझाडांचा धंदा म्हणजे सुखाचा धंदा, असं समजणाऱ्या माणसांना मी आजवर पुष्कळदा मनातल्या मनात हसलो आहे. या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांचीही तीच समजूत होती. "फुलांच्या सहवासात आयुष्य गेलं तुमचं, काहीतरी प्रसन्न लिहा," म्हणाले. मी चहा पाजला आणि कबूल झालो. पण लिहायला बसल्यावर जे आठवतं आहे ते प्रसन्न नाही. फुलं भांडत नाहीत हे खरं. पण ती ज्यांच्या दारात असतात ती माणसं भांडतात, आणि माळी नेमका दोघांच्या मध्ये खुरपं घेऊन बसलेला असतो.

मी मूळचा गडमुडशिंगीचा. घरी ऊस आणि हळद. मिसरूड फुटायच्या आत दरबारच्या बागेत कामाला लागलो. वाफे आखायला, कलम बांधायला तिथंच शिकलो. पुढं संस्थान विलीन झालं आणि बागेतले निम्मे माळी घरी बसले, त्यात मीही होतो. मग सायकलच्या कॅरियरला खुरपं, विळा आणि पोत्याचा तुकडा बांधला आणि ताराबाई पार्क, राजारामपुरी, शाहूपुरी इथले बंगले धरले. आमच्या मळ्याच्या कडेला, विहिरीजवळ, रोपांचे चार वाफे केले. बायको हौसा पाणी द्यायची, मी गावभर हिंडायचो. नोकरीत होतो तेव्हा एक साहेब होता, आता प्रत्येक फाटकाच्या आत एक साहेब आणि एक बाईसाहेब, एवढाच फरक पडला.

त्या काळी सगळ्यांना गुलाबाचं वेड. माझं मन मात्र लिलीवर बसलेलं. साहेब लोक तिला डे-लिली म्हणत, आम्ही नुसतं लिली म्हणायचो. पावसाळ्यात वाफ्याच्या कडेनं फुलते ती बुटकी लिली वेगळी. हिची पानं लांब आणि वाकलेली, मधून गुडघ्याच्या वर जाणारा दांडा, दांड्याच्या टोकाला कळ्यांचा घोस. एक कळी सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते, संपली. दुसऱ्या दिवशी दुसरी. फूल एका दिवसाचं, पण झाड महिनाभर फुलात असतं.

लोक तिला कांद्याचं झाड समजतात. तिला कांदा नसतो. जाड जाड मुळ्या असतात, आणि मुळ्या व पानं जिथं मिळतात तो गाभा असतो. सगळा जीव त्या गाभ्यात. तो मातीच्या वरच्या थरातच राहिला पाहिजे. खोल गेला आणि वर पाणी साचलं की कुजला. एका कोंबाचे चार कोंब होतात, चाराचे दहा, मग त्याचा गड्डा बनतो. काही वर्षांनी तो गड्डा उकरून फोडावा लागतो, नाहीतर पानं माजतात आणि फूल रुसतं. फोडायचा तो पाऊस सरल्यावर. पानं वीतभर ठेवून छाटायची, कापलं तिथं राख लावायची, सावलीत सुकू द्यायचं आणि मग लावायचं. खत मुरलेलं, तेही बेतानं. एवढंच शास्त्र. याहून जास्त सांगणारा माळी तुम्हाला बनवतो आहे असं समजा.

गिऱ्हाइकं मात्र शास्त्राप्रमाणं वागत नाहीत. शाहूपुरीतल्या एका वकिलांना मी लिली लावून दिली. पहिलं फूल आलं तेव्हा त्यांनी हौसेनं मित्रांना दिवेलागणीला चहाला बोलावलं, आणि पाहुणे जमेपर्यंत फूल मिटलं. दुसऱ्या दिवशी मला उभा करून त्यांनी उलटतपासणी घेतली. "झाड विकताना तू ही गोष्ट लपवलीस, कबूल?" मी सांगितली होती, पण कोर्टात पुरावा लागतो. शेवटी त्यांनीच तोड काढली, मित्रांना सकाळच्या नाष्ट्याला बोलवायला लागले, आणि फुलाच्या निमित्तानं महिनाभर मिसळ खाऊन बायकोच्या शिव्याही खाल्ल्या. दुसरे एक तालमीतले वस्ताद. त्यांनी लिलीला रोज दूध घातलं. "मानसाला लागू पडतंय, मग झाडाला का न्हाय?" म्हणाले. मुंग्यांनी वाफा उचलून नेला, तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. असल्या गोष्टी सांगून लोकांना हसवता येतं. पण ज्या घराच्या फाटकाशी सायकल लावायच्या आधी मी गल्लीला एक फेरी जास्त मारायचो ते घर निराळं होतं.

ते राजारामपुरीतलं आक्कांचं घर. आडनाव सांगत नाही. नातवंडं गावातच आहेत आणि मला अजून त्या गल्लीतून जावं लागतं. आक्का म्हणजे त्या घरातल्या थोरल्या बाई, माहेर मुरगूडचं. नवरा दरबारच्या नोकरीत होता, वारला. इंग्रज मंडळी देश सोडून निघाली तेव्हा पन्हाळ्यावरच्या एका मडमेनं आपली झाडं ओळखीच्यांत वाटून टाकली, त्यात आक्कांच्या नवऱ्याच्या वाट्याला पोत्यात गुंडाळलेला लिलीचा एक कोंब आला. फुलाचा रंग पिकल्या लिंबाच्या सालीचा, आणि जवळ गेलं तर मंद वास. तसली लिली मी कोल्हापुरात दुसऱ्या दारात पाहिली नव्हती. बाकी सगळीकडं भगवट, बिनवासाची.

आक्का रोज सकाळी आंघोळ करून अंगणात यायच्या आणि आदल्या दिवशी मिटलेली फुलं एकेक खुडायच्या. ते चांगलंच असतं. मेलेलं फूल लोंबकळत राहिलं तर नव्याची शोभा जाते, आणि बी धरलं तर झाडाची ताकद त्यात जाते. पण हे काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही. "ते माझं काम हाय. तू बुडखं बघ," म्हणायच्या.

आक्कांना दोन मुलगे. थोरले आण्णा सरकारी कचेरीत, धाकटे बापू गुळाच्या अडतीत. वडील होते तोवर घर एक होतं. मग दोघी जावांचं पटेनासं झालं, पाठोपाठ दोघा भावांचं. कारण विचाराल तर मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही धड सांगता आलं असतं असं वाटत नाही. एका वैशाखात वाटणी ठरली आणि पंच म्हणून मुरगूडहून आक्कांचे भाऊ आले. त्यांना सगळे मामा म्हणत.

मामांची हयात शेतांच्या वाटण्या करण्यात गेलेली. बांध घालताना धरतात तशी त्यांनी अंगणात दोरी धरली आणि दोरीवरून चुन्याची पांढरी फक्की ओढली. ह्या रेघेवर भिंत. शेताच्या वाटणीत दोरीखाली आंबा आला तर फळं निम्मी निम्मी, विहीर आली तर पाण्याची पाळी, हे सगळं त्यांना पाठ होतं. आक्कांचीसुद्धा त्यांनी पाळीच लावली होती: दसऱ्यापर्यंत थोरल्याकडं, दसऱ्यानंतर धाकट्याकडं. कुणाला आई नको होती म्हणून नव्हे. दोघांनाही ती अख्खी हवी होती, आणि आई आमच्याकडं असते हे गल्लीला दिसायलाही हवं होतं. फक्कीची रेघ ओढत ओढत मामा लिलीशी आले आणि थांबले. रेघ बरोब्बर गड्ड्यावरून जात होती.

तेव्हा मला बोलावणं आलं. मी पोचलो तर सगळं घर अंगणात उभं. थोरल्या वहिनी एका दारात, धाकट्या वहिनी दुसऱ्या. आक्का पायरीवर बसलेल्या.

"गणपा, दोरी बघ," मामा म्हणाले. "हिकडचं आण्णाचं, तिकडचं बापूचं. घाल विळा."

"मामा, वैशाख हाय. दांड्यावर कळ्या हायत. आता फोडली तर जगायची न्हाय. पाऊस सरूस्तोवर थांबा."

"उद्या गवंडी येतोय," बापू म्हणाले. "भिंतीचा पाया काय लिलीला इचारून खणायचा?"

मी आक्कांकडं बघितलं. त्या दुसरीकडंच बघत होत्या. मी गड्डा उकरला, पोत्यावर घेतला, माती झाडली. आत मुळ्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की हातानं सुटेनात, विळा घालावाच लागला. दोन ढीग केले. कळ्यांचे दांडे दोन होते आणि दोन्ही आण्णांच्या ढिगात आले होते.

"कळ्या तिकडंच सगळ्या?" धाकट्या वहिनी म्हणाल्या. "माळ्याला आधी भेटलाता वाटतं कोण तरी."

"भेटायला आमी काय चोर हाय?" थोरल्या वहिनींनी तिथल्या तिथं उत्तर दिलं.

आण्णा पुढं आले, बापू पुढं आले. पोत्यावर मधला एक कोंब सुटा राहिला होता, चांगला जाड, मुळ्या शाबूत. दोघांचा हात एकदमच त्याच्यावर पडला. मी मध्ये बसलेलो, हातात उघडा विळा, आणि डोक्यावर दोन सख्खे भाऊ एकमेकांचा श्वास ऐकू येईल एवढे जवळ. कुणी जरा ढकललं असतं तर रक्त निघालं असतं, आणि नाव माझ्या विळ्याचं झालं असतं. 

"त्यो मधला गणपाला द्या," पायरीवरून आवाज आला. इतक्या वेळात आक्का पहिल्यांदा बोलल्या होत्या. "सुगीत बलुतेदाराचा वाटा असतोय न्हवं? मग ह्या वाटणीत माळ्याचा बी हाय."

मामांना हा नियम माहीत होता, त्यांनी मान डोलावली. पंचांची मान डोलली म्हटल्यावर दोघांचेही हात सुटले. मी तो कोंब पोत्यात गुंडाळला आणि गावी येऊन विहिरीजवळच्या वाफ्यात लावला. बलुतं म्हणून मला आजवर मिळालेलं तेवढं एकच.

भिंत उभी राहिली. तिला दार नव्हतं. एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर फाटकाबाहेर, रस्त्यावर यावं लागे. माझी दोन्हीकडची कामं चालू राहिली आणि माझ्या नाकी नऊ आले. इकडच्या फाटकातून बाहेर पडून तिकडच्या फाटकात शिरलो की पहिला प्रश्न, "तिकडं काय सांगून आलास?" सांगितलं तर कान भरतो, न सांगितलं तर लपवतो.

लिलीवरून तर ईर्ष्याच लागली. आक्का थोरल्यांकडं राहत होत्या, आणि इथं लिली टवटवीत दिसली की त्या दसऱ्यालाही हलणार नाहीत असा थोरल्या वहिनींचा हिशेब. आमची लिली फुलली की आक्कांचं मन आपोआप इकडं ओढ घेईल, असा धाकट्या वहिनींचा. थोरल्या वहिनींचे भाऊ पेठ वडगावचे, हळदीचे नामांकित शेतकरी. पाऊस तोंडावर आला तसे ते आले आणि हळदीला घालतात तशी लिलीच्या बुडख्याला हातभर मातीची भर घालून गेले. हळदीला भर घातली की खाली गड्डा पोसतो. लिलीचा गाभा त्या मातीखाली गुदमरतो.

"वहिनी, ही हळद न्हवं," मी म्हणालो. "भर काढा. पावसात कुजंल."

"त्येंची हळद सांगलीच्या बाजारात पयल्या नंबरानं जातीया," त्या म्हणाल्या. "आणि तू तिकडं काय घालून आलास ते आधी सांग."

तिकडं मी काहीच घातलं नव्हतं. तिकडं बापूंनी घातलं होतं. गुऱ्हाळात रस उकळताना वर येते ती मळी त्यांनी डबे भरून आणली आणि लिलीच्या मुळाशी ओतली. मुरलेली मळी उसाला चांगली. ताजी मळी आंबते आणि मुळ्या जाळते. मी धाकट्या वहिनींना हात जोडले. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी जावेचा हेरच आहे. मी जे सांगेन ते पलीकडच्यांच्या फायद्याचं असणार, याबद्दल दोन्ही घरांत एकमत होतं. भिंत घातल्यापासून तेवढं एकच एकमत राहिलं होतं.

मला राग यायचा. झाडांचा नाही, माणसांचा. झाडाला बोलता येत नाही म्हणून त्याच्यावर असा सूड काढायचा? पण माझं पोट त्या दोन फाटकांवर होतं, मी खुरपं चालवायचो आणि गप्प बसायचो.  आक्का अंगणात येईनाशा झाल्या होत्या. खुडायला फूलच नव्हतं. चेहरा उतरला होता, मनगटाची हाडं वर आली होती. मी गेलो की एकच विचारायच्या, "तुझ्याकडची कशी हाय?" मी म्हणायचो, "बरी हाय." त्या मान हलवायच्या आणि आत जायच्या.

श्रावणात गल्लीतल्या बायका थोरल्या वहिनींकडं हळदीकुंकवाला जमल्या. कुणीतरी खोदून विचारलं, "आक्का, दसऱ्याला खरंच बापूकडं जाणार, का हितंच ऱ्हानार?" आक्का वैतागल्या आणि तोंड बंद करायला म्हणून बोलून गेल्या, "जिथं माझी लिली जगंल तिथं." बाई रागानं बोलली होती. पण तो शब्द संध्याकाळच्या आत भिंतीपलीकडं गेला, आणि दोन्ही घरांनी तो पंचाच्या निकालासारखा धरला.

दोन्ही लिली तोवर मरायला टेकल्या होत्या. थोरल्यांकडं मी मातीच्या भरीत बोट घातलं तर गाभ्याच्या जागी चिखल लागला आणि बोटाला कुजका वास आला. धाकट्यांकडं पान ओढलं तर नुसतं पान हातात आलं, खाली मुळी नव्हती. मी दोन्हीकडं खरं सांगितलं. दोन्हीकडं आधी माझ्यावर आरोप झाला, आणि मग दोन्हीकडं एकाच वेळी एकच आठवण झाली: माळ्याकडं एक कोंब आहे.

आधी आण्णा आले, सायकलवर, एकटे. वाफ्याशी उभे राहिले. कोंबाचे अजून दोन झाले नव्हते, पण पानं तजेलदार होती आणि मधून कळ्यांचा दांडा डोकावत होता. "गणपतराव," ते म्हणाले. इतकी वर्षं मी गणपा होतो. "आईच्या जिवासाठी मागतोय." मी म्हटलं, एकाला दिला तर दुसऱ्याला काय सांगू? ते खाली मान घालून निघून गेले. मला वाईट वाटलं, कारण मागणं खोटं नव्हतं.

दसरा जवळ आला. एका दुपारी अडतीचा ट्रक मळ्याच्या वाटेनं आत आला. बापू उतरले, मागं दोन हमाल, हातात पहार.

"झाड कुठं हाय?"

"बापू, ते माझ्या वाट्याचं हाय. पंचासमोर मिळालंय."

"आई माझी हाय. झाड आईचं हाय. तुझा वाटा कशाचा?" ते हमालांना म्हणाले, "उचला."

मी वाफ्यात उतरून कोंबाच्या समोर उभा राहिलो. शूर नाही मी.  हमाल माझ्याच गावाकडचे, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पहार खाली टेकली. मग बापू स्वतःच वाफ्यात आले. हौसा विहिरीवरून ओरडली, "भांडायचं आसंल तर वाफ्याभाईर भांडा. रोपं तुडवू नका." बापूंनी मला बाजूला सारलं, खाली वाकले आणि पानांची जुडी मुठीत धरली.

तेवढ्यात टांगा आला. अडतीचा ट्रक गडमुडशिंगीच्या दिशेनं गेल्याचं आण्णांना कळलं होतं, आणि ते आक्कांना घेऊनच आले होते. आईनं स्वतः सांगितलं की बापूला तोंड राहणार नाही, असा त्यांचा बेत. उडी टाकून ते धावत आले आणि त्यांनी बापूंचं मनगट धरलं. बापूंची मूठ पानांवर, आण्णांची मूठ मनगटावर. एकानं हिसडा दिला असता तर गाभा तिथंच मोडला असता. "सोड," आण्णा म्हणत होते. "तू सोड," बापू म्हणत होते. मी दोघांच्या मुठींकडं बघत होतो.

आक्का हळूहळू टांग्यातून उतरल्या. बांधावरून चालत वाफ्यापर्यंत आल्या. मुलांकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"गणपा, विळा आन," त्या म्हणाल्या. "फोड हिला. दोगांस्नी एकेक वाटा दे."

मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. "आक्का, एकच कोंब हाय. एकच गाभा. फोडला तर हिकडं बी जगायची न्हाय आणि तिकडं बी न्हाय."

"मोट्यानं सांग. ह्यास्नी ऐकू दे."

मी पुन्हा सांगितलं.  आक्का मग मुलांकडं वळल्या आणि म्हणाल्या, "ऐकलासा? आता दसऱ्याला मला नेताना त्येवढं ध्यानात ठेवा." मूठ कुणाची आधी सुटली ते सांगता येणार नाही. बापू वाफ्याच्या कडेला उभे राहून चप्पल झाडत राहिले, बराच वेळ. आण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"काढ मातीसकट," आक्का मला म्हणाल्या. "मीच नेते."

मी कोंब मातीच्या ढेकळासह उचलला, केळीच्या खोडाच्या सोपात बांधला आणि त्यांच्या ओटीत ठेवला. टांगा निघाला, मी सायकलवर मागं. वाटेत मी एकच विचार करत होतो, ह्या कुठल्या फाटकात शिरणार? एका फाटकात शिरल्या की दुसरं घर कायमचं तुटलं, हे मला दिसत होतं. ट्रक मागून येत होता, पण बापूंनी तो पुढं काढला नाही.

राजारामपुरीत टांगा पोचला तर दोन्ही फाटकं उघडी आणि दोन्हीत एकेक सून. आक्का उतरल्या. भिंत रस्त्याला येऊन जिथं संपत होती तिथं गेल्या, भिंतीच्या टोकाच्या बाहेर, गटारीच्या अलीकडं जरा मोकळी जागा होती तिथं. पायानं माती उकरून दाखवली. "हितं खण."

"आक्का, ही तर रस्त्याची जागा हाय. नगरपालिकेची."

"व्हय. म्हणूनच."

मी खणलं. गटारीचं पाणी येऊ नये म्हणून मातीचा उंचवटा केला, गाभा वर राहील असा लावला, चार विटा उभ्या केल्या. गल्लीतली माणसं जमली होती. कळ्या गळून पडतील असं माझं मत होतं. हलवलेलं झाड कळ्या धरत नाही सहसा.

दुसऱ्या दिवसापासून आक्कांनी नेम धरला. झोपायला थोरल्यांकडं, कारण पाळी त्यांची. पण सकाळी आंघोळ करून फाटकाबाहेर यायच्या, लिलीशेजारी पोतं टाकून बसायच्या, ते दिवस कलेपर्यंत. थोरल्या वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या, धाकट्या वहिनी चहा घेऊन बाहेर यायच्या. दोन कप दोन बाजूंना. आक्का एकालाही हात लावायच्या नाहीत. जेवणाचंही तेच. शेजारच्या बायकांनी ताट आणलं तर म्हणायच्या, "घरात दोन सुना असताना भाईरचं कशाला खाऊ?" घसा सुकला की नळाचं पाणी प्यायच्या.

"आक्का, जीव जाईल तुमचा," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांचा रागही येत होता. "दोघींचा एकेक घोट तरी घ्या."

"दोन घोट कशाला? दोघींनी मिळून एक च्या करून आणावा. पिते की."

दोघी ऐकत होत्या. पण मिळून चहा करायचा म्हणजे एकीनं दुसरीच्या चुलीपाशी जायचं, आणि जायचं तर रस्त्यावरून, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत दुसरीच्या फाटकात शिरायचं. ते दोघींनाही जमेना. दोन्ही कपांवर साय धरायची आणि माश्या बसायच्या. आण्णा कचेरीला जाताना मान खाली घालून जायचे. बापू मागच्या दारानं जायला लागले होते. मी रोज यायचो, पानांना हात लावून बघायचो, आक्कांच्या ओठांकडं बघायचो, आणि यांतलं आधी काय सुकणार हे मला कळत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी आलो तेव्हा आक्का बसलेल्या होत्याच, भिंतीला डोकं टेकून. दांड्यावरच्या बहुतेक कळ्या गळल्या होत्या, पण दोन टिकल्या होत्या आणि त्यांतली दुसरी आज उमलली होती. पहिलीचं, आदल्या दिवशीचं मिटलेलं फूल तिच्याशेजारी होतं. आणि आतून आवाज येत होता. पहारीचा. भिंतीच्या मधोमध कुणीतरी घाव घालत होतं. मी कान दिला. घाव एका बाजूनं येत नव्हते. इकडून एक पडायचा, की तिकडून एक. मग विटा ढासळल्याचा आवाज झाला, धूळ भिंतीच्या वर दिसली, आणि आत कुणीतरी खोकायला लागलं.

थोड्या वेळानं थोरल्यांच्या फाटकातून दोघी वहिनी बाहेर आल्या. एकीच्या हातात किटली, दुसरीच्या हातात कप. दोघींच्या केसांवर विटांचा लाल भुगा. एकमेकींकडं त्या बघत नव्हत्या, पण बरोबर चालत होत्या. थोरलीनं ओतला, धाकटीनं पुढं केला. आक्कांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि सावकाश सगळा चहा प्यायल्या. आण्णा आणि बापू फाटकाशी उभे होते, अंगावर धूळ.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आक्का, आता हिला आत लावूया. दार झालंय, दाराशेजारी जागा चांगली हाय. हितं गटार हाय, गुरं येत्यात, कोण बी फूल तोडून नेईल."

आक्कांनी कप खाली ठेवला. मिटलेलं फूल खुडलं आणि माझ्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ दे भाईरच," त्या म्हणाल्या. "आत नेली की परत कुणाची तरी हुईल."